उन्हाचा सांगावा

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बर्लिनमध्ये खायची मारामार होती आणि मुलांच्या दवाखान्यांत मुडदुसाने पाय वाकलेली, मनगटं सुजलेली पोरं येत होती. कुर्ट हुल्दशिन्स्की या डॉक्टराने त्यातल्या काही मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवलं. क्वार्ट्झचा हा दिवा अतिनील किरण सोडतो. काही आठवड्यांनी क्ष-किरणांचे फोटो काढले, तर मऊ पडलेल्या हाडांच्या टोकांना चुना धरू लागला होता. १९१९ साली त्याने हे छापलं. त्याच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र वेगळा आहे. त्याने दिव्याचा उजेड एकाच हातावर पाडून पाहिला. दुसऱ्या हाताला तो लागला नव्हता. सुधारले दोन्ही हात.

दुसऱ्या हाताला कसं कळलं?

या पुस्तकाची सगळी प्रकरणं म्हणजे या एका प्रश्नाचा पाठलाग आहे. उत्तराचा पहिला अर्धा भाग त्या काळातही तर्काने सांगता येत होता. कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. ऊन सांगावा धाडतं. पण सांगावा पोचल्यावर पेशी काय करते? तिला तो वाचता कसा येतो? हा दुसरा अर्धा भाग उलगडायला जवळपास सत्तर वर्षं गेली, आणि तो अखेर सापडला पेशीच्या केंद्रकात, जनुकांच्या अगदी शेजारी.

मुडदूस हा शब्द आता शहरात फारसा कानावर पडत नाही. रिपोर्टवर 'डी कमी' आलं की आपण गोळी घेतो आणि विसरून जातो. पण या आजाराने युरोपला शतकानुशतकं छळलं. फ्रान्सिस ग्लिसनने १६५० मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि युरोपात त्याला 'इंग्रजांचा आजार' असं नावच पडलं. जपानमध्ये राहून आलेल्या थिओबल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतल्या मिशनऱ्यांकडून माहिती जमवून सांगितलं, की ऊन भरपूर असलेल्या मुलखात मुडदूस दिसत नाही. हे जवळजवळ खरं होतं. उरलेला तपशील भरून निघाला तो नाशिकमध्ये. हचिसन आणि शाह या डॉक्टरांची तिथली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. खात्यापित्या घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या बायका आणि त्यांची घराबाहेर न पडणारी लेकरं यांच्यात हाडं मऊ पडण्याचा आजार होता. उन्हातान्हात राबणाऱ्या गरिबांच्या ताटात त्याहून कमी होतं, तरी त्यांच्या पोरांची हाडं ठीक होती. गोदावरीकाठी उन्हाला काय तोटा! पण ते आकाशात असून भागत नाही, अंगावर पडावं लागतं. आजच्या पुण्या-मुंबईतल्या, लिफ्टने खाली उतरून गाडीत बसणाऱ्या माणसाला ही शंभर वर्षांपूर्वीची पाहणी सहज लागू पडेल.

तिकडे लंडनमध्ये एडवर्ड मेलनबीने कुत्र्याच्या पिल्लांना ओटची लापशी खाऊ घालून मुडदूस आणला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो घालवला. ती पिल्लं त्याने घरातच ठेवली होती. अंगणात सोडली असती तर प्रयोग फसला असता, आणि कदाचित जीवनसत्त्वांच्या यादीत हे नाव आलंच नसतं. पुढे अमेरिकेत एल्मर मॅकॉलमने त्याच तेलात गरम हवा सोडून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं. तरी तेलाने मुडदूस बरा झालाच. म्हणजे हा पदार्थ निराळा. ए, बी, सी ही अक्षरं वापरून झाली होती, म्हणून १९२२ मध्ये त्याला डी मिळालं. आपण मराठीत अ, ब, क, ड करून घेतलं.

हे नाव चुकीच्या खात्यात पडलं असं माझं मत आहे. जीवनसत्त्व म्हणजे शरीराला करता न येणारी, खाण्यातून घ्यावी लागणारी वस्तू. ड तर आपण कातडीत करतो. तिथे कोलेस्टेरॉलचा एक सख्खा भाऊ असतो, सात-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण त्याच्या चार कड्यांपैकी एक तोडतात, आणि मग अंगाच्या उबेने तो रेणू हळूहळू ड-३ मध्ये बदलतो. ऊन जास्त झालं तर कातडी जादा माल निरुपयोगी रेणूंत वळवून टाकते. नुसत्या उन्हाने कुणाला ड ची विषबाधा होत नाही.

इथे आपल्या 'कोवळ्या उन्हा'बद्दल थोडं वाईट सांगायला हवं. तेल लावून बाळाला सकाळच्या उन्हात ठेवायची चाल गोड आहे, आणि ऊब मिळते हेही खरं. पण सकाळी किरण तिरपे येतात, त्यांना वातावरणाचा लांब पल्ला काटावा लागतो आणि नेमके हवे ते अतिनील किरण वाटेत ओझोन गिळून टाकतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन ड बनवायला कामाचं. म्हणून तान्ह्या बाळाला बारा वाजता गच्चीवर ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. कोवळ्या उन्हावर या बाबतीत फार भिस्त ठेवू नये, इतकंच.

कातडीतून निघालेला ड-३ जवळजवळ मुका असतो. यकृतात त्याला पंचविसाव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटते. रिपोर्टवर '२५-हायड्रॉक्सी' म्हणून येतो तो हाच. मग मूत्रपिंडात पहिल्या कार्बनवर आणखी एक जोडी. आता त्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात आणि आता तो बोलू लागतो. पहिला रक्तात नॅनोग्रॅमने मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाने, आठवडे टिकतो. दुसरा त्याच्याही हजाराव्या भागाने, आणि काही तासांत संपतो. एका अवयवात तयार होऊन रक्तातून दुसरीकडे जाऊन हुकूम देणाऱ्या, इतक्या अल्प प्रमाणातल्या रेणूला शरीरशास्त्रात संप्रेरक म्हणतात. इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल, थायरॉइडचा रस यांच्या पंगतीत याचं पान आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच एक पोथी असते. एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यांत प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. पण कुठलीही पेशी या पोथीचं पारायण करत नाही. आतड्याची पेशी आपले ठरलेले अध्याय वाचते, हाडाची आपले. बाकीची पानं बासनात घट्ट गुंडाळलेली असतात. हे बासन म्हणजे हिस्टोन नावाची प्रथिनं. आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएची १४७ अक्षरं गुंडाळलेली, मग पुढचं रीळ, मग त्याच्या पुढचं. न सोडता वाचता येत नाही. तेव्हा जनुकाचं नियमन म्हणजे मुळात दोन गोष्टी: कुठलं पान उघडायचं, आणि किती वेळा वाचायचं.

ड चा या पोथीशी संबंध असेल अशी शंका आली ती एका उशिरामुळे. मुडदूस झालेल्या प्राण्याला ड टोचलं तरी आतडं लगेच कॅल्शियम शोषायला लागत नाही. तास जातात. नुसतं दार ढकलायचं काम असतं तर इतका वेळ कशाला लागला असता? १९६५ मध्ये विस्कॉन्सिनला हेक्टर डेल्युका यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांना ॲक्टिनोमायसिन दिलं. हे औषध डीएनएवरून आरएनए उतरवायचं काम बंद पाडतं. ड चा परिणामही बंद पडला. म्हणजे मधल्या त्या तासांत पेशी काहीतरी वाचत होती, त्यावरून नवी प्रथिनं घडवत होती. मग कॅलिफोर्नियात अँथनी नॉर्मन आणि त्यांचा विद्यार्थी मार्क हॉसलर यांनी किरणोत्सारी खूण केलेलं ड कोंबडीच्या पिल्लांना दिलं आणि ते आतड्याच्या पेशीत कुठे जातं याचा माग काढला. १९६८-६९ च्या त्यांच्या निबंधांत उत्तर आलं: केंद्रकात, थेट गुणसूत्रांच्या गठ्ठ्याला चिकटून. आणि चिकटलेला पदार्थ मूळ ड नव्हताच, त्याचं कुठलं तरी बदललेलं रूप होतं. ते रूप कॅल्सिट्रायॉल आहे हे १९७१ मध्ये विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया आणि इंग्लंडमधलं केंब्रिज अशा तीन ठिकाणच्या लोकांनी एकमेकांच्या टाचांवर पाय देत सांगितलं. ते अंतिम रूप मूत्रपिंडात घडतं हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी त्याआधीच्या वर्षी दाखवलं होतं.

कॅल्सिट्रायॉलला केंद्रकात धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे ड जीवनसत्त्वाचा ग्राही, प्रयोगशाळेच्या बोलीत व्हीडीआर. माणसातलं त्याचं जनुक १९८८ मध्ये हाती आलं. ४२७ अमिनो आम्लांची ही माळ. तिच्या एका टोकाशी दोन वळसे आहेत, प्रत्येक जस्ताच्या अणूने आवळून धरलेला. शास्त्रज्ञ त्यांना बोटं म्हणतात, आणि ती खरोखर डीएनएच्या खाचेत शिरून अक्षरं चाचपतात. दुसऱ्या टोकाशी एक खोबण आहे. कॅल्सिट्रायॉल तिच्यात बसला की प्रथिनाचा शेवटचा तुकडा झाकणासारखा मिटतो. हे झाकण मिटणं हीच सगळी किमया. मिटलेल्या झाकणाच्या पाठीवर एक नवा पृष्ठभाग तयार होतो, आणि आजवर दुर्लक्ष करणारी मदतनीस प्रथिनं तिथे येऊन चिकटतात.

हा ग्राही एकटा मात्र डीएनएवर नीट बसत नाही. त्याला जोडीदार लागतो, आणि तो आहे आरएक्सआर, अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातल्या रेणूंचा ग्राही. अ आणि ड यांची गाठ अशी केंद्रकात पडते. जोडीने ते डीएनएवर एक खूण शोधतात: ए-जी-जी-टी-सी-ए हा सहा अक्षरांचा शब्द, मग कुठलीही तीन अक्षरं, मग पुन्हा तोच शब्द. शब्द दर वेळी तंतोतंत असाच असतो असं नाही, पोथी लिहिणाऱ्याच्या हातून अक्षर इकडेतिकडे व्हावं तसं होतं. पण मधली तीन अक्षरांची जागा महत्त्वाची. १९९१ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने दाखवलं, की त्याच दोन शब्दांत चार अक्षरांचं अंतर ठेवलं तर तिथे थायरॉइडचा ग्राही बसतो, आणि पाच ठेवलं तर रेटिनॉइक आम्लाचा. शब्द एकच, फरक मधल्या मोकळ्या जागेचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

जोडी खुणेवर बसली की मदतनीसांची रांग लागते. काही जण हिस्टोनांवर ॲसिटिल गट चिकटवतात. त्याने बासनाची गाठ सैल होते. काही जण, ज्यांच्या मोठ्या जुडग्याला मेडिएटर म्हणतात, आरएनए उतरवणाऱ्या यंत्रणेला हाताला धरून आणतात. पान उघडतं, वाचन सुरू होतं. खूण जनुकाच्या अगदी दारात असेल असंही नाही. ती हजारो अक्षरं दूरही असते, आणि मधला डीएनए वळसा घालून दोन्ही टोकं जवळ आणतो. उलटंही घडतं: काही पानं ड मुळे मिटतात. पॅराथायरॉइड ग्रंथीत कॅल्सिट्रायॉल पोचला की तिथलं संप्रेरक तयार करणारं जनुक मंदावतं. मिटवण्याची तऱ्हा उघडण्याइतकी सुबक समजलेली नाही, म्हणून त्या प्रकरणात आकृत्या कमी आहेत.

कुठली पानं उघडतात? आतड्यात, कॅल्शियम आत घेणाऱ्या वाहिनीचं, ते पेशीतून पलीकडे नेणाऱ्या कॅल्बिंडिनचं, आणि रक्तात उपसून टाकणाऱ्या पंपाचं. दार, हमाल आणि मोटर. पाठ्यपुस्तकांत हे चित्र फार नीटस काढलेलं असतं. पण दार आणि हमाल यांची जनुकं काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर त्यांनीही ड मिळाल्यावर कॅल्शियम बऱ्यापैकी शोषलं. तेव्हा या कामाला आणखी माणसं आहेत, आणि त्यांची हजेरी अजून पुरती लागलेली नाही.

ड च्या हुकमाने सर्वांत जोरात वाचलं जाणारं जनुक मात्र हाडांशी संबंधित नाहीच. ते आहे कॅल्सिट्रायॉलचे तुकडे करणाऱ्या विकराचं, २४-हायड्रॉक्सिलेजचं. पाहुण्याने येतानाच आपलं परतीचं तिकीट काढून यावं, तसा हा प्रकार. निरोप जितका जोरात, तितका तो पुसणारा हातही जोरात. हे जनुक बिघडलेलं असेल तर काय होतं ते २०११ मध्ये उघड झालं: काही अर्भकांना मुडदूस होऊ नये म्हणून नेहमीसारखंच ड दिलं होतं, आणि त्यांच्या रक्तात कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढलं होतं. इतर लाखो बाळांना तोच डोस पचला. या मुलांत पुसणारा हातच नव्हता.

या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका दुर्मीळ आजाराने, आणि त्यासाठी मी पुस्तकात सढळ हाताने पानं खर्च केली आहेत. काही मुलांना लहानपणीच तीव्र मुडदूस होतो, रक्तात कॅल्सिट्रायॉल मात्र भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. औषध म्हणून ड दिलं तरी बहुतेकदा उपयोग होत नाही. यांच्यातल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यावर, अंगावर केस नसतात. १९८८ मध्ये अशा कुटुंबांत ग्राहीच्या जनुकातली चूक सापडली: जस्ताने धरलेल्या त्या बोटांत एकेक अक्षर बदललेलं. सांगावा पोचत होता, वाचणाऱ्याची बोटं डीएनएवर टेकत नव्हती. हुल्दशिन्स्कीच्या मुलांपैकी कुणाला हा आजार असता, तर दिव्याखालचा हातदेखील सुधारला नसता.

या मुलांवर डॉक्टरांनी एक उपाय केला. ग्राही दुरुस्त करता येत नाही, तर मग त्याने जे आणायचं ते आपणच आणू. रात्र रात्र शिरेतून कॅल्शियम सोडलं, महिनोन्‌महिने. हाडं भरली. ग्राही बिघडलेलाच होता, तरी हाडं भरली. केस मात्र उगवले नाहीत.

मग १९९७ मध्ये जपानमध्ये आणि अमेरिकेत, स्वतंत्रपणे, ग्राहीचं जनुकच काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले गेले. अंगावरचं दूध सुटल्यावर त्यांना मुडदूस झाला आणि केस गळाले. पुढे त्यांना कॅल्शियम, फॉस्फरस आणि लॅक्टोज भरपूर असलेला आहार दिला. हाडं नीट झाली. केस गळायचे ते गळालेच. आणि खरी गंमत पुढे आहे. ज्या उंदरांना ग्राही आहे पण ड मिळत नाही, त्यांच्या अंगावर केस असतात. खोबणीत कॅल्सिट्रायॉल बसूच शकणार नाही असा बिघडवलेला ग्राही दिला, तरी केस येतात. म्हणजे केसांच्या मुळाशी या ग्राहीचं काही काम आहे, ज्याला ड ची गरजच नाही. वाचक आहे, वाचतोही आहे, आणि उन्हाचा सांगावा त्याच्या खिजगणतीत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. हाडांच्या बाबतीत ड चं मुख्य काम हाडात नाही, आतड्यात आहे. तिथून पुरवठा झाला की हाड आपलं आपण पुष्कळसं सांभाळतं. आणि दुसरी, जिच्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतलं: एखाद्या पेशीत ग्राही सापडला म्हणून तिथे ड ची गोळी काम करेलच असं नाही. हा ग्राही शरीरात जवळपास सगळीकडे सापडतो. सी लॅम्प्रे नावाच्या, अंगात हाड नसलेल्या आदिम जलचरातही तो सापडला आहे. त्याचं असणं हा पुरावा नाही, ती फक्त शक्यता आहे.

ही गोष्ट वैज्ञानिकही पुष्कळदा विसरले. २०१० मध्ये पांढऱ्या पेशींपासून वाढवलेल्या पेशींत ग्राही डीएनएवर नेमका कुठे कुठे बसतो याची मोजदाद झाली. २,७७६ जागा निघाल्या, आणि कॅल्सिट्रायॉल घातल्यावर २२९ जनुकांचं वाचन बदललं. बातम्या आल्या: ड जीवनसत्त्वाचा दोनशेहून अधिक जनुकांवर ताबा! त्यांतली काही जनुकं स्वयंप्रतिकाराच्या आजारांशी जोडलेली, मग काय विचारता. पण या पेशींऐवजी आतड्याच्या किंवा हाडाच्या पेशी घेतल्या तर यादी बदलते, आणि सामायिक नावं थोडीच उरतात. कुठलं बासन आधीच सैल आहे यावर ते ठरतं. ड कडे जनुकांची एक यादी नसते. प्रत्येक पेशी त्याला आपापली पानं पुढे करते.

क्षयाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राला ते परकं नाही. पाचगणीची हवा आणि मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम आपल्या कित्येक घरांच्या आठवणीत आहे. रुग्णांना व्हरांड्यात, हवेत आणि उजेडात ठेवत, कॉडचं तेल पाजत. २००६ मध्ये लॉस एंजलिसच्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने त्यामागचं एक सुंदर कारण दाखवलं. क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की माणसाची भक्षक पेशी स्वतःच ड चा ग्राही वाढवते आणि मूत्रपिंडाची वाट न बघता जागच्या जागी कॅल्सिट्रायॉल बनवते. त्याने कॅथेलिसिडिन या जंतुनाशक प्रथिनाचं जनुक वाचलं जातं. रक्तात ड कमी असेल तर हे प्रथिन कमी बनतं. शिवाय त्या जनुकाजवळची खूण वानरकुळाच्या डीएनएमध्ये घुसलेल्या एका उपऱ्या तुकड्यातून आलेली आहे. उंदरात ती नाहीच. इतकी नेटकी गोष्ट क्वचित सापडते.

मग मंगोलियात ती माणसांवर तपासली. ६ ते १३ वर्षांची ८,८५१ मुलं, बहुतेकांच्या रक्तात ड अगदीच कमी. अर्ध्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले. रक्तातली पातळी छान वाढली. २०२० मध्ये निकाल लागला: ड घेतलेल्यांत क्षयाचा संसर्ग ३.६ टक्के, न घेतलेल्यांत ३.३. काहीच फरक नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांना रोज २,००० युनिट किंवा नुसती साखरगोळी देऊन पाच वर्षं पाहिलं, त्यातही कॅन्सर आणि हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. पुढे अस्थिभंगही घटले नाहीत. ते लोक बहुतांशी ड ची कमतरता नसलेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण मंगोलियातल्या मुलांना ही सबब लागू होत नाही.

मॉडलिन यांचा प्रयोग खोटा ठरला का? नाही. बशीतल्या पेशीत ते जनुक जागं होतंच. पण जनुक जागं होणं आणि माणूस आजारातून वाचणं यांच्यामध्ये मोठा मुलूख आहे, आणि त्यातून जाणारे रस्ते आपल्याला अजून ठाऊक नाहीत. या विषयावरची लोकप्रिय पुस्तकं हा मुलूख एका उडीत ओलांडतात. मी जमेल तिथे पायी चाललो आहे, आणि पाऊलवाट संपली तिथे थांबलो आहे. यामुळे काही प्रकरणं अर्धवट वाटतील; तो दोष विषयाचाही आहे, सगळाच माझ्या माथी मारू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. मुडदूस, हाडं मऊ पडणं, रक्तात ड ची खरी कमतरता, यांवर ड हे औषध आहे आणि उत्तम औषध आहे. त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आपल्याकडे साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक म्हणून लिहून दिलेली असते आणि ती कुणी रोज एक घेत बसतं. अशाने रक्तात कॅल्शियम चढून माणसं रुग्णालयात दाखल होतात. पुसणारा हात कितीही चपळ असला तरी त्याला मर्यादा आहे. डोस डॉक्टरांनी ठरवायचा. या पुस्तकात तो शोधू नका, मी मुद्दाम लिहिलेला नाही.

शब्दांबद्दल थोडंसं. मराठीत जनुक, विकर, संप्रेरक, ग्राही हे शब्द आता पुरेसे रुळले आहेत, ते वापरले. कॅल्सिट्रायॉल, हिस्टोन, मेडिएटर यांना ओढूनताणून संस्कृत अंगरखा चढवला नाही. मूळ निबंधांत पानभर संक्षिप्त नावं असतात, त्यातली बहुतेक गाळली. जीवशास्त्र शाळेत सोडून दिलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्याने तिसऱ्या प्रकरणातल्या आकृत्यांना घाबरू नये. बोटं, खोबण, झाकण आणि मधली तीन अक्षरं एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं आपोआप लागत जातं. तेही नको वाटलं तर ते प्रकरण ओलांडून जा, माझा राग नाही. केस गळालेल्या उंदरांचं प्रकरण तेवढं चुकवू नका.